पाळण्याच्या सहा फळ्या

आमच्या चामराजपेटच्या घरात माणसांपेक्षा फळ्यांना जास्त जागा होती. रस्त्याच्या बाजूला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सुतारकामाचं दुकान, त्याच्यामागे एक लांबट खोली, मग स्वयंपाकघर, मग पडवी आणि पडवीच्या टोकाला न्हाणीघर, एवढाच संसार. पण घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला दारातच मान वाकवावी लागे, कारण माळ्यावरून सागाच्या फळ्यांची टोकं बाहेर आलेली असत. खाटेखाली फळ्या, कपाटामागे फळ्या, देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या फळ्या. मी कॉलेजचा अभ्यास करायची तोसुद्धा शिसवीच्या थप्पीवर बसून, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अण्णा थप्पी उलटीपालटी करायचे तेव्हा माझी पुस्तकं जमिनीवर यायची. आईला याचा राग यायचा, पण तो दुधासारखा, वर आला की लगेच खाली बसणारा. "मला सवत नाही असं कोण म्हणतं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "चांगल्या दोनशे आहेत, आणि सगळ्या आडव्या पडून खातायत." अण्णा म्हणायचे, "खात नाहीत गं. पाणी सोडतायत बिचाऱ्या."

वखारीतून आलेली फळी ओलीच असणार असं अण्णा धरून चालत, वखारवाल्याने कितीही शपथा घेतल्या तरी. फळी आली की पहिल्यांदा तिच्या दोन्ही टोकांना ते उरलासुरला रंग नाहीतर वितळवलेलं मेण फासत, कारण लाकडातलं पाणी टोकांकडून पळतं आणि ते जोरात पळालं की टोकं तडकतात. मग जमिनीपासून हातभर वर, दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या घालून, सावलीत थप्पी. इंचाला एक वर्ष हा त्यांचा नेम. पडवीच्या तुळईला वखारीतला एक जुना लोखंडी काटा टांगलेला होता. दर महिन्याला एकेक फळी त्याला लटकवायची आणि वजन पेन्सिलीने तिच्याच कडेवर लिहायचं. लागोपाठ तीनदा तेच वजन आलं की फळी वाळली. त्यानंतरही अण्णा तिला गाल लावून बघत. ओलं लाकूड गालाला गार लागतं. माझ्या गालाला इतक्या वेळा गाल लावला असता तर बरं वाटलं असतं, असं आई एकदा म्हणाली होती, आणि अण्णा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुकानातून आत आले नाहीत.

मला या सगळ्याची गोडी होती. मी बी.एस्सी.ला होते, घरातली पहिली, आणि अण्णांना वाटायचं आता ही करवतीच्या वाटेला जाणार नाही. पण काट्याचं काम त्यांनी माझ्याकडेच दिलं होतं. एकदा मी त्यांना विचारलं, उन्हात ठेवली तर फळी लवकर नाही का वाळणार? ते रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "वत्सू, सिनेमा सुटल्यावर काय होतं? दारापाशी बसलेले बेगाबेगा बाहेर येतात. आतले वाट मिळेल तसे येतात. तू दारापाशी उभी राहून कितीही हाका मार, मधल्या रांगेतला माणूस उडी मारून येत नाही. निधान. निधाननेच येतो." बेग आणि निधान, घाई आणि सावकाशी, हे दोन कानडी शब्द आमच्या मराठीत इतके मुरले होते की ते परके आहेत हे मला पुण्याच्या एका मैत्रिणीने हसून सांगेपर्यंत माहीत नव्हतं. त्या दिवशी अण्णांचं बोलणं मी ऐकलं, आणि पोरीबाळी ऐकतात तसं सोडून दिलं.

आता पाळण्याकडे येते. आमच्या घराण्यात लेकीच्या पहिल्या मुलाचा पाळणा माहेरून जातो, आणि तो फणसाच्या लाकडाचा असतो. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आले, तेव्हा त्यांच्यात एक सुतार होता आणि हा रिवाज त्याने सुरू केला असं अण्णा सांगत. खरं-खोटं त्या सुतारालाच माहीत. रिवाजाची मुख्य अट अशी की फळ्या आधीपासून घरात वाळत ठेवायच्या, पण मूल जन्मेपर्यंत त्यांना करवत लावायची नाही. न आलेल्या जिवाचा पाळणा कुणी जोडून ठेवत नाही. मूल झालं की कापायचं, आणि बाराव्या दिवशी बारशाला पाळणा तुळईच्या कड्यांना टांगलेला असला पाहिजे. म्हणजे वाळायला दोन वर्षं आणि जोडायला अकरा दिवस.

माझी मोठी बहीण, अक्का, देवनहळ्ळीला दिली होती. तिच्या लग्नाच्या वर्षीच अण्णांनी फणसाच्या सहा फळ्या आणून ठेवल्या. तिला दिवस गेले तेव्हा त्या चांगल्या वाळल्या होत्या. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. अक्का पंधरा दिवस आमच्याकडे राहून परत गेली, आणि ती गेल्यावर एका दुपारी मी कॉलेजातून आले तर फळ्या जागेवर नव्हत्या. अण्णांनी त्या गल्लीतल्या शाळेला बाकासाठी देऊन टाकल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा सहा फळ्या आणल्या, पुन्हा त्या वाळल्या, पुन्हा अक्काला दिवस गेले आणि पुन्हा तेच झालं. त्या फळ्याही गेल्या. तिसऱ्यांदा अण्णांनी फळ्या आणल्याच नाहीत. रिवाजाबद्दल कुणी बोललं की ते एकदम एखाद्या बिजागरीत गुंतायचे. आज मला कळतं की ते घाबरले होते, त्यांना त्या रिकाम्या जागेची भीती वाटत होती. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

म्हणून जेव्हा मृगाच्या सुमाराला अक्का तिसरा महिना उलटल्याचं सांगायला आली, तेव्हा घरात फणसाची एकही फळी नव्हती. तिने आल्याआल्या चप्पल काढली, पडवीत गेली, सगळ्या थप्प्या नजरेखालून घातल्या आणि दुकानात येऊन विचारलं, "अण्णा, फळ्या वाळत टाकल्या नाहीत?"

अण्णा म्हणाले, "टाकतो की."

"माझ्यासाठी टाकल्या नाहीत तुम्ही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अण्णांना सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी ते वखारीत गेले आणि हातगाडीवरून सहा फळ्या घेऊन आले. ताज्या चिरलेल्या, हळदीसारख्या पिवळ्या, हात लावला की चिकट. घरभर फणसाचा तो गोडसर, किंचित कुबट वास पसरला. सहा महिन्यांत त्या वाळणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, अक्कालाही माहीत होतं. ती सुताराची मुलगी होती. तरी जाताना ती त्या थप्पीपाशी थांबली आणि वरच्या फळीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

पाऊस सुरू झाला आणि काट्याने मला छळायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात वजन बरं उतरलं, दुसऱ्यात जेमतेम. श्रावणात तर चार फळ्यांचं वजन चक्क वाढलं. मी दोनदा काटा तपासला. अण्णा म्हणाले, हवा ओली असली की लाकूड परत पितं, त्यात नवल काय. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. अक्काची पत्रं येत होती आणि एकाही पत्रात बाळाबद्दल अक्षर नसे, फक्त शेवटी एक ओळ असे, फळ्या कशा आहेत. तिने स्वतःच्या पोटाचं सोडून फळ्यांचं वजन धरलं होतं. फळ्या वेळेवर वाळल्या तर मूल येईल, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं असावं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मीही हळूहळू तसंच मानायला लागले होते, रसायनशास्त्र शिकत असूनसुद्धा.

भाद्रपदात अण्णांना आनेकलला एका नव्या कारखान्याच्या दारं-खिडक्यांचं काम मिळालं. सोमवारी पहाटेच्या बसने जायचे, तिथेच राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचे. पहिल्याच सोमवारी दुपारी मी फळ्यांच्या थप्पीपुढे उभी राहिले आणि माझी नजर न्हाणीघराकडे गेली. आमच्याकडे पाणी तापायचं ते भुशाच्या शेगडीवर. दुकानातला भुसा ठासून भरायचा, मधल्या भोकातून पेटवायचा, की ती शेगडी दिवसभर धुमसत राहायची. तिच्या मागच्या बाजूला, धुराड्याला लागून, जळण ठेवायचा एक माळा होता आणि तिथे हात ठेवला तर चटका बसेल इतकी कोरडी ऊब असायची. मी जळण खाली उतरवलं आणि फळ्या एकेक करून वर चढवल्या. पट्ट्या घातल्या, टोकांना पुन्हा मेण फासलं. मी सगळं शास्त्रशुद्ध करत होते. आई पोळ्या लाटता लाटता दारात येऊन उभी राहिली. तिने माळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अण्णांना विचारलंस?"

"नाही."

ती परत आत गेली. पण त्या दिवसापासून शेगडीत भुसा दुप्पट पडायला लागला. आंघोळी सकाळीच संपायच्या, तरी ती दुपारी पुन्हा शेगडी भरायची आणि मला म्हणायची, "भांडी घासायला गरम पाणी लागतं स्वल्प." आमच्या घरात त्याआधी किंवा त्यानंतर कधीही गरम पाण्याने भांडी घासली गेलेली नाहीत.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी मिळून फळ्या खाली उतरवायचो आणि पडवीत होत्या तशा रचून ठेवायचो. अण्णा यायचे, हातपाय धुऊन पानावर बसायचे. आईचं सारू, म्हणजे आमचं डाळीचं सार, तोंडल्याची भाजी, ताक. त्यांच्या कानाला लाकडाचा आवाज जेवतानाही कळायचा. थप्पीत कुठे बारीक 'टक्' झालं की घास हातात धरून ते विचारायचे, "कुठली गं ती?" त्या महिन्यात फणसाच्या थप्पीतून बरेच आवाज यायचे. आई शांतपणे म्हणायची, "सारू निवतंय." ते रविवारीच घरी असत, म्हणून आता महिन्याऐवजी दर रविवारी मी वजनं वाचून दाखवायची. दर आठवड्याला काटा झरझर खाली येत होता, आणि दसऱ्यानंतर एका रविवारी तो थांबला. पुढच्या रविवारी तेच वजन. त्याच्या पुढच्या रविवारी तेच.

अण्णांनी स्वतः एक फळी काट्यावर चढवली. मग उतरवून बोटाच्या पेराने ठोकली, उलटी करून ठोकली. मग गाल लावला. बराच वेळ लावून ठेवला. "आश्चर्य आहे," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, यंदा ऑक्टोबरात ऊन चांगलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. तीस वर्षं लाकूड हाताळलेल्या माणसाला पाच महिन्यांत फणस वाळत नाही हे ठाऊक होतं. पण त्यांनाही आजोबा व्हायचं होतं. ज्या गोष्टीवर विश्वास ठेवायची आपल्याला फार गरज असते, ती गोष्ट आपण जरा कमीच ठोकून बघतो. "सरी, ठीक तर," ते म्हणाले, "वाळल्या म्हणायच्या."

दिवाळीला अक्का बाळंतपणासाठी आली. रोज सकाळी ती पडवीत जाऊन फळ्यांना हात लावायची आणि मग चहा प्यायची. अवरेकाळूचे, म्हणजे ओल्या वालाचे, दिवस आले, बाजारात त्या शेंगांचे ढीग लागले आणि आमच्याकडे रोज दुपारी भिजवलेल्या दाण्यांची परात मधे घेऊन आम्ही तिघी बसायला लागलो. दाणा चिमटीत दाबला की सालातून टुणकन उडतो. त्या सोललेल्या दाण्यांचं हितकिदबेळे सारू अक्काला इतकं आवडायचं की ती अर्धे दाणे परातीतच संपवायची. ती हसायची, आम्हाला नावं ठेवायची, पण नववा लागला तरी कुणी महिने मोजले की ती उठून जायची. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही तिला दवाखान्यात नेलं आणि दुपारी मुलगा झाला. अण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी बातमी सांगितली तेव्हा ते उठले, आत आले, नातवाला लांबून बघितलं आणि थेट घरी गेले. करवतीला धार लावायला.

तिसऱ्या दिवशी अक्का बाळाला घेऊन घरी आली आणि आतल्या खोलीत निजली. ती निजल्यावर अण्णांनी पहिल्या फळीला कुंकू लावलं. पाळण्याच्या बाजूंना पातळ पट्ट्या लागतात, म्हणून फळी जाडीत उभी चिरायची होती. मी एका टोकाला धरून उभी होते. वीतभर करवत आत गेली आणि अडकली. अण्णांनी जोर लावला, करवत किंचाळली आणि पुन्हा थांबली. कापलेल्या दोन्ही बाजू आत वळून पात्याला चावत होत्या. त्यांनी फटीत पाचर मारली, कापत राहिले, शेवटपर्यंत गेले. दोन्ही अर्ध्या सुटल्या त्या सरळ नव्हत्या. कौलासारख्या वळल्या होत्या. अण्णांनी करवतीखालचा भुसा उचलून मुठीत दाबला. मूठ उघडली तर भुशाचा लाडू झाला होता.

त्यांनी तो लाडू माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "कुठे ठेवल्या होत्या?"

मी सांगितलं. न्हाणीघराचा माळा, भुसा, शनिवार, सगळं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "मीही होते त्यात." मला वाटलं आज घर डोक्यावर घेतलं जाणार. अण्णा स्टुलावर बसले. त्यांनी चिरलेली फळी मला दाखवली. बाहेरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा भाग फिकट, टणक. आत गर्द पिवळं, गार. "बाहेरचं लाकूड घाईघाईने वाळून आखडलं," ते म्हणाले. "दारापाशी बसलेल्यांनी बाहेर पडून दारच ओढून घेतलं. आतलं पाणी आतच. मग वजन कुठून उतरणार? थांबणारच काटा." मग ते म्हणाले, "वजन थांबलं की लाकूड वाळलं, हे मीच तुला सांगितलं. सावलीतलं वजन, हे सांगायचं राहिलं. आणि गाल तर माझाच होता."

याच गोष्टीवर पुढे मी तीस वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं. घन पदार्थ वाळताना आधी पृष्ठभागावरचं पाणी जातं, ते हवेच्या हातात असतं. मग आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत यावं लागतं, आणि ते पदार्थाच्या हातात असतं. तिथे बाहेरून कितीही जोर लावला तरी आतली वाट मोठी होत नाही, उलट बंद होते. फळ्यावर मी याचे आलेख काढायची, वक्र कुठे वळतो ते दाखवायची. मुलं लिहून घ्यायची. दरवर्षी तो वक्र काढताना माझ्या हाताला खडूऐवजी ओल्या भुशाची चिकट ऊब जाणवायची, आणि दरवर्षी मला थोडं लाजल्यासारखं व्हायचं.

"आता काय करायचं?" मी अण्णांना विचारलं.

"पाणी द्यायचं," ते म्हणाले.

आई म्हणाली, "सहा महिने वाळवलं ते भिजवायला?"

पण त्यांना माहीत होतं. बाहेरचं आखडलेलं लाकूड वाफेने पुन्हा सैल करायचं, म्हणजे आतल्या पाण्याला वाट मिळते. मग सावलीत, पट्ट्या घालून, पहिल्यापासून. वर्ष लागेल, कदाचित जास्त. वाफ घरात आयती होतीच. बाळ-बाळंतिणीची आंघोळ उद्यापासून रोज सकाळी तास-दीड तास चालणार होती, न्हाणीघरात पलीकडचं माणूस दिसणार नव्हतं. उरलेल्या पाच फळ्या अण्णांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभ्या केल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या अक्का आंघोळीला आत जाईल तेव्हा तिला त्या दिसणार. त्याआधी तिला सांग. मी सांगितलं तर मला वाईट वाटेल म्हणून ती रडणार नाही."

मला मरण बरं वाटलं. बारसं नऊ दिवसांवर होतं. देवनहळ्ळीहून सगळे येणार होते आणि पाळणा नव्हता. अक्काने सहा महिने ज्याच्यावर जीव टांगला होता ते मी माझ्या हाताने बिघडवलं होतं. मी खोलीत गेले. खोलीत शेपा-ओव्याच्या धुरीचा वास होता. अक्का कुशीवर वळून बाळाला पाजत होती. मी खाटेपाशी खाली बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. करवत कशी अडकली तेही सांगितलं.

"ऐकली मी," ती म्हणाली. "मला वाटलं मांजर कशात तरी सापडलं."

मी रडायला लागले. बाळ पिता पिता झोपलं होतं, त्याच्या हनुवटीवर दुधाचा थेंब होता आणि तो तिने पदराच्या टोकाने टिपला.

"वत्सू," ती म्हणाली, "दोनदा फळ्या वाळून तयार होत्या. ठणठणीत वाळलेल्या. तेव्हा काय आलं गं हातात?" तिचा आवाज एकदम घसरला. "अण्णांनी त्या शाळेला दिल्या ना? मला माहीत आहे. शाळेवरून जाताना मी खिडकीतून बाकं मोजायची." मग ती रडली. दोन्ही वेळा ती दवाखान्यातून कोरड्या डोळ्यांनी आली होती, आम्हालाच धीर देत होती, आणि आम्ही म्हणायचो केवढी धीराची आहे. त्या दिवशी ती अशी रडली की बाळ जागं झालं, आई पळत आली, आणि मग आम्ही तिघी एका खाटेवर बसून रडलो. अण्णा दुकानात काहीतरी जोरजोरात ठोकत राहिले. नंतर बघितलं तर त्यांनी नुसत्या रिकाम्या लाकडात खिळे मारले होते.

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरात बाळाची आंघोळ आणि फळ्यांची वाफ एकाच वेळी सुरू झाली. आई पाटावर पाय पसरून नातवाला पायांवर घ्यायची, तेल चोळायची, कढत पाणी ओतायची, आणि मधेच तांब्याभर पाणी कोपऱ्यातल्या गोणपाटावर फेकायची. "यांचंही बाळंतपण माझ्याच माथी," ती म्हणायची. अक्का हसायची. अण्णा दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "गोणपाट ओलं आहे ना?" आणि आई आतून ओरडायची, "नातू कसा आहे ते विचारा आधी."

बारशाच्या दिवशी सकाळी देवनहळ्ळीची माणसं आली. अक्काच्या सासूबाई, आम्ही त्यांना मामी म्हणायचो, तोंडाने फटकळ होत्या. आत शिरताना त्यांनी मान वाकवली, तुळईच्या कड्यांकडे बघितलं, पुन्हा बघितलं. कड्यांना अण्णांच्या जुन्या धोतराची झोळी बांधलेली होती. खोलीत बायका जमलेल्या, घुगऱ्यांचं पातेलं मधे, सगळ्यांच्या नजरा वर.

"पाळणा कुठाय?" मामी म्हणाल्या. "तुमच्याकडे रिवाज आहे ना, तीनशे वर्षांचा?"

अण्णा दारात उभे होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि मी त्यांच्याआधी बोलायचं ठरवून पुढे झाले. चूक माझी होती आणि ती मी सगळ्यांसमोर सांगणार होते. पण अक्का पाटावरूनच बोलली.

"वाळतोय, अत्ते," ती सासूला म्हणाली. "लाकूड अजून ओलं आहे."

"म्हणजे केव्हा होणार?"

"वर्षभरात होईल."

"वर्षभरात हा चालायला लागेल, बाई. मग पाळण्याचं करायचं काय?"

अक्काने मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं. मग अगदी सहज, घुगऱ्यांत मीठ कमी आहे म्हणावं तसं, ती म्हणाली, "याला नाही मिळाला तर पुढच्याला होईल."

सहा महिने जिने आम्हाला एक महिना मोजू दिला नव्हता, तिने पुढच्या मुलाचं नाव काढलं होतं, सगळ्यांसमोर, बोटं न मोडता, देवाला हात न जोडता. आईने माझा दंड घट्ट धरला. अण्णा दाराच्या चौकटीला टेकले आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. मामींनी त्यांच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. त्यांचेही डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्यांना पद्धत नव्हती. त्यांनी नाक ओढलं, पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले. "आण त्याला इकडे," त्या म्हणाल्या, "झोळीत आधी मी घालणार."